वाटणीत राहिलेला न्यूट्रल

नवं घर दाखवणारा माणूस काय दाखवतो? टाइल्स, किचनमधल्या ट्रॉल्या, बोट फिरवलं की मंद होणारे फॉल्स सीलिंगचे दिवे. वास्तुशांतीचं जेवण झाल्यावर 'चला, आता आमचं अर्थिंग बघून घ्या' म्हणत पाहुण्यांना मागच्या अंगणात नेणारा यजमान अजून माझ्या पाहण्यात नाही. जे चारचौघांत मिरवता येत नाही त्यावर खर्च करायला आपला हात उठत नाही. मॉड्युलर बटणांना पैसे असतात. त्यामागच्या वायरीचं मात्र 'चालतंय की!'

आमचा नारायण पेठेतला वाडा या 'चालतंय की'वरच चालत होता. वायरिंग पानशेतनंतरचं. पेठेत वस्तूचं वय विचारलं की ती पानशेतच्या आधीची की नंतरची एवढंच सांगतात, आणि १२ जुलै १९६१ चा पूर न पाहिलेली माणसंही ते छातीठोकपणे सांगतात. सागवानी पट्ट्यांतून गेलेल्या वायरी, काळी गोल खटक्याची बटणं, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. दर रंगकामाला ऑइलपेंटचा एक हात या सगळ्यावरून फिरायचा, त्यामुळे काही बटणं कायमची चालू तर काही कायमची बंद होती. कुठलं कुठलं, हे घरच्यांना पाठ होतं.

पूर्वी फ्यूज उडायचा. आजोबा फ्यूजवायरचं कार्ड आणि बॅटरी एकाच खिळ्याला अडकवून ठेवत. मग गिझर आला. दोन हजार वॅटचा गिझर एकटाच नऊएक अँपिअर ओढतो, आणि आमचा फ्यूज पाच अँपिअरचा. तो रोज सकाळी कोणाच्या तरी अर्ध्या आंघोळीत जायचा. शेवटी घरातल्या कोणा कर्तबगार माणसाने उरलेल्या वायरीची जाड तार त्यात पिळून बसवली. त्यानंतर फ्यूज कधीही उडाला नाही, आणि आमचं घराणं त्याचं कौतुक आल्यागेल्याला सांगू लागलं. वितळण्याची जबाबदारी आता भिंतीतल्या वायरीवर आली आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त 'लोड येतो' एवढं सगळ्यांना कळत होतं. म्हणून गिझर चालू असताना इस्त्री नाही, इस्त्री चालू असताना मिक्सर नाही. नव्या सुनेला आधी हे शिकवत, मग कुळाचार.

वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येत. "नवीन आहे अजून," आई म्हणायची, "होईल सवय." सवय कोणाला व्हायची, मशीनला की आपल्याला, ते तिने स्पष्ट केलं नाही.

शेवटी वायरमन बोलावला. लायसनवाला, कमी बोलणारा. त्याने दिवाणखान्यातला लाकडी बोर्ड उघडला. आत जळमटं, एक वाळलेली पाल आणि वायरी. त्याने एकीला नुसतं बोट लावलं, तर वरच्या रबराचा भुगा खाली पडला आणि आत उघडी तार चमकली. एकेकाळची लाल आणि एकेकाळची काळी, दोन्ही आता सारख्याच डांबरी दिसत होत्या. मग त्याने दिव्याचं बटण बंद केलं, बल्ब काढला आणि होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बटण न्यूट्रलवर आहे," तो म्हणाला. "दिवा जातो, करंट जात नाही."

म्हणजे 'आधी बटण बंद कर, मगच बल्बला हात लाव' हा घरातल्या प्रत्येक मुलाला दिलेला उपदेश एका पिढीने दुसऱ्या पिढीला केवळ नशिबाच्या जोरावर दिला होता.

"काका, हे काम कोणी केलंय?" त्याने वडिलांना विचारलं.

"का? मजबूत आहे ना?"

"नाही, म्हणजे... तो आहे का अजून?"

अर्थिंग नव्हतंच. ते चौकात, तुळशीपासून जरा लांब, खड्डा घेऊन करायचं ठरलं. अडीच मीटरचा गॅल्व्हनाइझचा पाईप, त्याच्या भोवती कोळसा आणि मीठ. जमीन ओलसर राहावी आणि करंटला खाली जायला वाट मिळावी, म्हणून ही भर. वायरमनने जाडं मीठ मागितलं तेव्हा आजीने आतून विचारलं, "मोहऱ्या-मिरच्याही देऊ का?" घराची दृष्ट काढायला माणूस आलाय अशी तिची समजूत होती. एका अर्थी फारशी चूक नव्हती.

नवी वायर, नवे एमसीबी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आरसीसीबी. एमसीबी लोड आणि शॉर्ट सांभाळतो, माणसाचं त्याला देणंघेणं नाही. आरसीसीबीचं काम निराळं: फेसमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा तो सोसायटीच्या खजिनदारासारखा हिशेब ठेवतो. ३० मिलीअँपिअरची तूट आली की काही न विचारता घर बंद. ती तूट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेलेली असू शकते, म्हणून. (दोन हातांत दोन वायरी धरणाऱ्याला मात्र तो वाचवत नाही. त्याच्या लेखी हिशेब जुळलेला असतो.)

पहिल्या संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला आणि सगळं घर अंधारात गेलं. पुन्हा चालू केलं, जिन्याचा दिवा लावला, पुन्हा अंधार. वडिलांनी नवा डबाच खराब ठरवला. वायरमन तास-दीड तास जिन्याच्या वायरीचा माग काढत काढत वर गेला. ती माळ्यावरून, कौलांखालून भिंत ओलांडून थेट चुलतकाकांच्या घरात शिरली.

आमच्या वाड्याची वाटणी कोर्टातून झालेली आहे. खोल्या वाटल्या, माळा वाटला, पाटा आमच्याकडे आला तर वरवंटा तिकडे गेला. न्यूट्रलचा उल्लेख कुठल्याही कागदात नव्हता. जिन्याच्या दिव्याला फेस आमचा आणि न्यूट्रल काकांचा! करंट आमच्या मीटरमधून जायचा आणि काकांच्या मीटरमधून परत जायचा. आरसीसीबीच्या दृष्टीने ही शुद्ध अफरातफर होती.

त्यात मीटर आता इलेक्ट्रॉनिक. त्यांतले बरेचसे फेस आणि न्यूट्रल दोन्हींवर नजर ठेवतात आणि जिथे जास्त करंट दिसेल त्यावर आकारणी करतात. म्हणजे काकांच्या घरात सगळं बंद असतानाही आमच्या दिव्याचे युनिट तिकडे पडत असणार. दिवा एक, बिलं दोन, आणि दोघांनीही निमूटपणे भरलेली.

काकांना बोलावलं. ते आले ते वाटणीपत्राची झेरॉक्स घेऊनच. वायरमनने सगळं समजावलं आणि वर सांगितलं, की तुम्ही तुमचं मेन बंद केलं तरी जिन्याच्या दिव्याचं बटण चालू असलं, तर त्या दिव्यातून तुमच्या न्यूट्रलवर करंट येऊन बसतो. काका उभेच राहिले. कधीकाळी मेन बंद करून पंखा उतरवताना त्यांना सणसणीत झटका बसला होता, आणि यामागे आम्हीच आहोत असं त्यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. पुराव्याअभावी ते कोणी मानलं नव्हतं.

"मी म्हणत नव्हतो?" काका म्हणाले. इतका आनंद त्यांना कोर्टाचा निकाल लागला तेव्हाही झाला नसेल.

न्यूट्रल तोडायला मात्र त्यांनी लगेच संमती दिली नाही. इतक्या वर्षांची वहिवाट आहे, आणि तुमचा करंट आमच्या घरातून गेला त्याचं भाडं कोण देणार, असे मुद्दे निघाले. वडिलांनी उलट आमच्या फेसचं भाडं काढलं. हिशेब वायरमनच्या पावतीच्या मागे झाला आणि दोन्ही बाजूंनी सारखाच आल्याने सोडून देण्यात आला. पुढच्याच आठवड्यात काकांनीही पूर्ण वायरिंग बदलून आरसीसीबी बसवला, आमच्यापेक्षा महागातला.

जिन्यात आता दोन दिवे आहेत, दोन स्वतंत्र न्यूट्रलवर. आरसीसीबीला टेस्टचं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं असं वायरमन सांगून गेलाय. काका एक तारखेला सकाळी दाबतात. भिंतीपलीकडून 'टक्' ऐकू आलं की वडील हातातला पेपर ठेवून उठतात आणि आपलं दाबतात. त्या वेळी दोन्ही घरांतले मिक्सर अर्ध्या चटणीवर थांबतात. याबद्दल आई आणि काकू यांचं काय म्हणणं आहे, ते अजून लेखी आलेलं नाही.