बहुत यातायात हुई!

महाडला चवदार तळ्यापाशी हात जोडले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तिथलं ओंजळभर पाणी प्यायले. मग आम्ही पोलादपूरची एसटी धरली. अंतर जेमतेम 18 किलोमीटर, तरी हिनं दशम्या बांधून घेतल्या. माझ्याबरोबरच्या प्रवासाचा हिला अनुभव आहे.

सावित्री नदीच्या अलीकडेच एक ट्रेलर रस्त्यात आडवा झाला. गाडी अडकली की मला हिंदी फुटतं. खाली उतरून पुढच्या ट्रकवाल्याला म्हटलं, "भैया, बहुत यातायात हुई."

"हाँ साहब, यातायात तो बहुत है."

माणूस सहृदय निघाला. मी त्याला कंबरदुखी सांगितली, बँकेतले हेलपाटे सांगितले, "जिंदगीभर मैंने यातायातच की" हेही सांगितलं. त्यानं हातातली विडी मागे लपवली आणि अदबीनं विचारलं, "ट्राफिक पुलिस में थे क्या, साहब?"

हिंदीत यातायात म्हणजे रहदारी. बंगाल्यांची साधी ये-जा, आणि मूळ संस्कृतातही तेवढंच: जाणं नि येणं. नेपाळात तर यातायातीचं मंत्रालय आहे. आपल्याकडे ते काम सगळी खाती मिळून करतात. दगदग आणि हाल हे मराठीनं पदरचं घातलं. संतांनी जन्ममरणाच्या फेऱ्यालाच यातायात म्हटलं, त्या अर्थी त्यांनीही हा महामार्ग पाहिला असावा.

"पेन्शन किती बसली हो पोलिसातली?" ही दशमी मोडत म्हणाली. पुढची दशमी मला मिळाली नाही.

अखेर ट्रेलर हलला. गाडी सावित्रीच्या पुलावर आली आणि बसमधली बडबड आपोआप थांबली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरानं नेला, आणि त्याबरोबर मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या, माणसांसकट. पुढच्या बाकावरच्या आजींनी कनवटीचं नाणं काढून खिडकीतून पाण्यात टाकलं आणि पदर तोंडाला लावला. ही माझा हात धरून बसली. मला कुठलीच भाषा फुटली नाही.

नवा पूल 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला. गाडी तो पाहता पाहता ओलांडते.

पोलादपूरहून पुढे महाबळेश्वरला जायचं असेल, तर पावसाळ्यात आंबेनळी घाट चालू आहे का, हे स्टँडवरच विचारून घ्या. दरड आली की तो बंद होतो. आणि विचाराल ते मराठीत विचारा.