समेवर कोणीच नाही

रोह्याहून येणारा दुहेरी लोहमार्ग वीरला येऊन संपतो. 2021 साली दुहेरीकरणाचे फोटो छापून आले ते इथपर्यंतचेच. पुढे दक्षिणेला एकच रूळजोडी, आणि म्हणून वीर म्हटलं की प्रवाशाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो क्रॉसिंग. दिवा-सावंतवाडी उभी राहते, चहावाला डब्यातून दोनदा फिरून जातो, समोरून यायची ती गाडी काही येत नाही. या सक्तीच्या निवांतपणात माणूस मोबाइल काढतो. पूर्वी रील्स बघायचा. आता सुधारलाय. आता तो क्यूबन पियानो शिकतो.

हसू नका. आमच्या आळीतला एक पोरगा महाड एमआयडीसीत तीन पाळ्यांमध्ये खपतो आणि उरलेल्या वेळात हेच करतो. एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड हप्त्यावर, हेडफोन मित्राचा, आणि मोबाइलवर साता समुद्रापलीकडचा शिक्षक. अंगात फुलाफुलांचा शर्ट, चेहऱ्यावर न मावळणारं हसू, मागे नारळाचं झाड. कोकणातल्या माणसाला नारळ दाखवून परदेशाची ओढ लावणारा हा पहिलाच गृहस्थ असावा.

शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो की पियानो नंतर, आधी टाळ्या. हे मात्र खरं आहे. क्यूबाच्या संगीताचा कणा म्हणजे क्लावे नावाच्या दोन लाकडी दांड्या आणि त्यांच्यावर वाजणारे पाच ठोके. हवानाच्या गोदीत जहाजं बांधायला लागणाऱ्या लाकडी खुंट्यांपासून त्या दांड्या आल्या, असं सांगतात. ठोके कुठे? तीनतालासारख्या सोळा मात्रा बोटांवर मोजा आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी एवढ्यांवरच टाळी द्या. बाकी ठिकाणी हात आवरा. नवव्या मात्रेला आपण खाली दाखवतो; इथे त्या जागी खरोखरच कोणी फिरकत नाही. पहिल्या आठांत तीन ठोके, पुढच्या आठांत दोन, म्हणून नाव तीन-दोन. सुरुवात दुसऱ्या अर्ध्यापासून केली की दोन-तीन. गाण्याने एकदा जी बाजू धरली ती अखेरपर्यंत सोडायची नाही. मधेच एखादा वादक उलट्या बाजूने घुसला तर एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्यासारखी अवस्था होते. वीरच्या माणसाला यासाठी वेगळा धडा नको.

खरी पंचाईत पुढे आहे. उजव्या हातात मोन्तुनो, म्हणजे तीन-चार स्वरांचं एक वळण, तेच ते, फिरून फिरून, सप्तकाच्या जोडीत. ही चाल मूळची पियानोची नव्हेच. ती त्रेस नावाच्या गिटारीसारख्या वाद्याची. लहानपणीच दृष्टी गेलेला आर्सेनियो रोद्रिगेस स्वतः त्रेस वाजवायचा. 1940 च्या सुमारास त्याने आपल्या ताफ्यात पियानो आणि कोंगा घेतले, तुताऱ्या वाढवल्या, आणि मोन्तुनो पियानोच्या पट्ट्यांवर कायमचा बसला. इथवर मनगट दुखलं तरी जमतं. डाव्या हातातल्या बासचं काय करायचं? आठ मात्रांच्या आवर्तनात हा बास वाजतो चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. सातवीला जो स्वर लागतो तो पुढच्या आवर्तनाचा, म्हणजे पाहुणा यायच्या आधीच पान वाढून ठेवलेलं. तो स्वर तसाच ओढत सम ओलांडायची. समेवर बास वाजतच नाही.

आपल्या माणसाला हा केवढा धक्का आहे ते फुलाफुलांच्या शर्टाला कळणं शक्य नाही. आपलं अख्खं संगीत समेसाठी जीव टाकतं. गवई तानांच्या जंगलात कितीही भटकला तरी समेला घरी येतो आणि मग पहिल्या रांगेतले काका मान हलवून ‘वा’ म्हणतात. भजनात समेला टाळ, मृदंग आणि वीस गळे एकदम पडतात. जन्मापासून कानात हे भरलेल्या पोराचा पाय समेवर जमिनीला लागतो, आणि पायाबरोबर डाव्या हाताची करंगळीही पट्टीवर पडते. तो ती उचलतो. पुढच्या आवर्तनाला ती परत पडते. स्क्रीनवरचा मास्तर हसतोच आहे, कारण त्याला ही करंगळी दिसत नाही. त्याचं हसू चित्रीकरणाच्या दिवसाचं आहे.

आता आमच्याकडे या सगळ्यावर एक तयार उतारा असतो. पोराच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या की ओसरीवरचे निवृत्त काका म्हणतात, ‘‘हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे रे.’’ काकांच्या मते विमानापासून वायफायपर्यंत सगळंच आधीपासून आहे, त्यामुळे एरवी कोणी मनावर घेत नाही. गंमत अशी की या वेळी काका निम्मे बरोबर आहेत. तबल्यावरचा भजनी ठेका घ्या: धिं ऽ ना धिं ऽ धिं ना ऽ, आणि मग तेच ‘तिं’वर. ठोके पडतात पहिली, तिसरी, चौथी, सहावी, सातवीवर. आता क्यूबा आणि हैतीतला सिंकियो काढा, ज्याच्यावर दान्सोन नावाचा नाच उभा आहे. पहिली, तिसरी, चौथी, सहावी, सातवी. एका ठोक्याचाही फरक नाही. देवळात दर एकादशीला जे वाजतं त्यासाठी पोरगा डॉलरमध्ये फी भरतोय.

मात्र काकांनी लगेच उपरणं उडवायचं कारण नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या गॉडफ्रीड तूसाँ या संगणकशास्त्रज्ञाने 2005 साली दाखवून दिलं की आठ घरांत पाच ठोके शक्य तितके सारख्या अंतरावर बसवायला गेलं की हाच साचा निघतो. तीन ठोके बसवले की निघतो त्रेसियो, ज्याच्यावर निम्मं कॅरिबियन नाचतं. जगात ज्याला दोन हात आहेत आणि थोडा वेळ आहे, त्याला हे सापडणारच. ना त्यांनी आपलं चोरलं, ना आपण त्यांचं. त्रिनिदादची गोष्ट निराळी. तिथे 1845 पासून हिंदुस्थानी मजूर उसाच्या मळ्यांवर गेले आणि त्यांच्यासोबत ढोलक आणि धनताल गेले. लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो गायकाने 1970 च्या दशकात तीच वाद्यं आपल्या गाण्यात घेतली आणि त्यातून सोका जन्मला. पण ती माणसं भोजपुरी मुलखातली होती. काका, आपला त्यात हात नाही, बसा खाली.

आपला हात खरा होता तो दुसरीकडे, आणि त्याची आठवण कोणाला नसते. पुणतांब्यात 1918 साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. 1950 च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ हे गाणं घ्या. ज्या धूनवर ते बेतलं ती एडमुंडो रॉसच्या बँडने वाजवलेली. हा रॉस त्रिनिदादमध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये साहेबाला रुम्बा नाचायला शिकवून गब्बर झालेला. पुढच्याच वर्षी आला ‘अलबेला’. भगवानदादांची कंबर, कावस लॉर्डसारख्यांनी हिंदी सिनेमात आणलेल्या बोंगोसारख्या वाद्यांची चलती, आणि सोबतीला हळदोण्याचा आंतोनियु झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. हा ट्रम्पेटवाला सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता, ‘अलबेला’त तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली आणि मुंबईच्या हॉटेलांत रात्री साहेबांना नाचवणारी ही मंडळी दिवसा स्टुडिओत यायची.

तेव्हाचं ध्वनिमुद्रण म्हणजे सगळे एका खोलीत, एकाच वेळी. शेवटच्या कडव्यात एकाचा ठोका सरकला की गाणं पहिल्यापासून. तीस माणसं वळून त्या एकाकडे बघायची. मराठी माणसाला लॅटिन ठेका कसा कळला याचं उत्तर शोधायचं तर त्या बघण्यात शोधावं लागेल. त्या काळी हवानाचा व्हिसा कोणाकडे नव्हता आणि मास्तर थांबवून मागे न्यायची सोय तर नव्हतीच.

नंतर काम सोपं झालं. ठेका बटणावर आला. कॅसिओच्या व्हीएल-वन या चिमुकल्या पेटीवर दहा ताल छापलेले होते, त्यांत बोसा नोव्हा, साम्बा, रुम्बा आणि बेगीन. बेगीन हा मार्तिनीक आणि ग्वादलूपचा नाच. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याने बटणं दाबून पाहिली, एक बरं वाटलं, त्यावर नवरदेवाला हळद लागली. हळदीला ज्या बेटाच्या तालावर आजी नाचली ते बेट नकाशात कुठे आहे हे आजीला विचारू नये, कीबोर्डवाल्यालाही विचारू नये. पुढे बेंजो पार्ट्यांत ऑक्टापॅड आला आणि कोंगा थेट रबरी चौकोनात राहायला गेला.

बटण दाबणं वाईट असं मी म्हणत नाही. त्याच कॅसिओची 1981 ची एमटी-40 बघा. कंपनीत नव्याने लागलेल्या हिरोको ओकुदा या तरुणीने तिच्यासाठी एक तयार ठेका बांधला, पाटीवर लिहिलं ‘रॉक’. जमैकात ती पेटी वेन स्मिथच्या टोळक्याच्या हाती पडली, त्यांनी तोच ठेका प्रिन्स जॅमीच्या स्टुडिओत हळू करून वाजवला, आणि 1985 च्या ‘स्लेंग टेंग’ने रेगेची तऱ्हाच बदलून टाकली. तेच यंत्र, तेच बटण. किंग्स्टनच्या पोरांनी ते चार मित्रांत बसून दाबलं आणि जाहीर ध्वनिक्षेपकांच्या जुगलबंदीत रस्त्यावर लोकांना ऐकवलं. लोक उठून गेले असते तर गाणं तिथेच मेलं असतं.

आमच्या पोराला उठून जाणारं कोणी नाही, हीच अडचण. एकदा त्याने पुण्यातल्या एका सहाध्यायाबरोबर व्हिडिओ कॉलवर वाजवायचा घाट घातला. हा क्लावे देणार, तो मोन्तुनो. चौथ्या आवर्तनाला दोघे दोन तालुक्यांत होते. दोष दोघांचाही नव्हता. एकत्र वाजवणाऱ्यांना एकमेकांचा आवाज पंचवीस-तीस मिलिसेकंदांत पोहोचला तरच लय टिकते. त्याहून उशीर झाला की जो तो दुसऱ्यासाठी थांबतो आणि दोघे मिळून गाणं मंदावत नेतात. मोबाइलवरच्या कॉलला याच्या कितीतरी पट उशीर लागतो, त्यात वीरचं नेटवर्क म्हणजे पावसाळ्यात देवाची मर्जी. पंचवीस मिलिसेकंदांत आवाज हवेतून जातो सुमारे साडेआठ मीटर. गावातल्या देवळाचा सभामंडप मोजा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तेवढाच भरेल. हे अंतर कोणी पेटंट घेऊन ठरवलेलं नाही. आवाज पोहोचेल एवढ्यातच माणसं बसली.

शिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वराचा छबिना भरतो तेव्हा जाऊन बघा. गावोगावच्या पालख्या, आभाळात डोलणाऱ्या सासणकाठ्या आणि खालू बाजा. ढोलाची जोडी, टिमकी, सनई, झांज. टिमकीवरचं पोरगं असतं बारा-तेराचं. त्याला कोणी मात्रा शिकवलेल्या नसतात. ते ढोलवाल्या बापाच्या खांद्याकडे बघत असतं, कारण खांदा काठीच्या आधी हलतो. चुकलं की बाप वाजवता वाजवता नुसता वळतो. हा धडा कुठल्याही ॲपवर घालता येत नाही, कारण त्यात शिकवणाराच वाजवण्यात गुंतलेला असतो.

मग ऑनलाइन शिकूच नये का? कोण म्हणतं? रात्री साडेअकराला दुकान उघडं ठेवणारा दुसरा मास्तर महाड-पोलादपुरात दाखवा. तो एकच वळण शंभरदा वाजवून दाखवतो, तक्रार करत नाही, गुरुपौर्णिमेला पाकीट मागत नाही. बोटं कुठे ठेवायची, मनगट किती सैल सोडायचं हे तो चोख शिकवतो. फक्त तो चिडत नाही. ज्याच्यावर कोणीच चिडत नाही त्याला आपण लयीत आहोत असं वाटत राहतं, हा अनुभव पुढाऱ्यांनाही आहे.

पोराने परवा विषय काढला. भजनी मंडळाच्या बुवांना त्याने विचारलं, ‘‘बुवा, कीबोर्ड घेऊन बसू का?’’ बुवांनी पेटीवरचा हात न थांबवता सांगितलं, ‘‘बस की. आधी वर्षभर टाळ धर, मग बघू.’’ पोरगा तयार होता. तिकडे अभ्यासक्रमातही पुढचा धडा नेमका ‘इतरांबरोबर वाजवताना’ हाच आला आहे, पण त्याच्यावर कुलूप आहे. प्रीमियम घेतलं, वर्षाचे पैसे एकदम भरले की उघडेल. बुवांकडे पैसे लागत नाहीत. मात्र भजन नऊला उभं राहतं, आणि पोराची दुसरी पाळी सुटते अकराला. सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, एकादशीची सुट्टी हवी असेल तर आधी पाळी बदलून घेणारा माणूस आण.

माणूस शोधणं चालू आहे. तोवर करंगळी समेवर पडतेच आहे.