पलंगाखालची ग्रंथसंपदा

प्रकाशकाच्या दफ्तरी हस्तलिखित दाखल करून, वर्षभर उंबरठे झिजवल्यावर ज्या करारनाम्यावर सही करण्याचे भाग्य लेखकास लाभते, त्यातील मानधनाचे कलम इतक्या संकोचाने लिहिलेले असते की, ते वाचणाऱ्यालाच अपराधी वाटावे. माझ्या एका पुस्तकाचा हिशेब गेली तीन वर्षे ‘मार्चअखेर’ येतो आहे. मार्च मात्र नियमाने येतो. यास कंटाळून जो स्वाभिमानी साहित्यिक स्वखर्चाने ग्रंथ छापतो, त्याला कागदाचा भाव, बांधणावळ, विक्रेत्याची दस्तुरी आणि वसुली या चार शास्त्रांत पारंगतता प्राप्त होते, व उरलेल्या प्रती पलंगाखाली चिरविश्रांती घेतात. ब्रुकलिनच्या वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली बारा कवितांचे पुस्तक स्वतःच छापून घेतले आणि त्याची निनावी, मुक्तकंठ परीक्षणेही स्वतःच लिहिली. आमच्याकडे हे काम मित्रांकडून करवून घेण्याचा शिष्टाचार असून चहाफराळाचा खर्च निराळा. ज्ञानकोशकार केतकरांनी तर लिमिटेड मंडळी काढून २३ खंड सिद्धीस नेले. माझ्या ६४ पानी काव्यसंग्रहास भागधारक म्हणून तूर्त सौभाग्यवतीच तयार आहेत, तेही पलंगाखालची जागा आधी मोकळी करून देण्याच्या अटीवर.