हुकमाची तामिली

लखनौच्या रायबरेली रस्त्यावरील तेलीबागेत इतकी वर्षे काढूनही तेल अथवा बाग यांपैकी कशाचीच प्राप्ती मला झालेली नाही. तथापि ज्या शहरात मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली छापखाना काढून कातिबांच्या वळणदार अक्षरांतले ग्रंथ शिळाछापावर उतरवले, त्या शहराच्या पाण्यातच मुद्रणकलेचा काही अंश असावा, अशा श्रद्धेने आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे संपादन मी आपण होऊन अंगावर घेतले.

"मामा, पाने सजवत बसू नका. मजकूर लिहा, मध्ये हुकूम लिहा, बाकी सारे लाटेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली पाहील," असे भाच्याने सांगितले. उभी हयात दफ्तरात घालवलेल्या मला ही व्यवस्था तत्काळ मानवली. मथळ्यास केवळ मथळा म्हणावे आणि तो किती ठसठशीत असावा, त्याचा अनुक्रमांक कोणता, अनुक्रमणिकेत त्याचे स्थान कुठे, याची उठाठेव यंत्राने करावी, याहून आदर्श कारकुनी ती कोणती? आपल्याच ग्रंथाची ओंगळ मुद्रिते पाहून विषण्ण झालेल्या डोनाल्ड कनूथ या संगणकपंडिताने १९७७ साली ज्या 'टेक'चा पाया घातला, त्यावरच लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेकचा इमला चढवला आहे. 'टेक'मधली चूक प्रथम दाखवणारास कनूथसाहेबांनी ३२७.६८ डॉलरांचे इनाम ठेवले आहे, हे कळताच मी ते मनातल्या मनात जमेस धरले.

स्मरणिका छापून आली. खजिनदारांनी लिहून दिले होते, 'ठरलेल्या रकमेपैकी ८०% वसूल झाली असून बाकी पुढील सभासदांकडे येणे आहे', आणि त्याच ओळीत नऊ प्रतिष्ठितांची नामावळी होती. खालच्या ओळीत 'बटाटेवडे सर्वांनी आनंदाने फस्त केले' असा समारोप होता. छापले गेले ते असे: 'ठरलेल्या रकमेपैकी ८०बटाटेवडे सर्वांनी आनंदाने फस्त केले.'

इनामाच्या आशेने मी भाच्यास गाठले. तो शांतपणे म्हणाला, "टक्क्याच्या चिन्हापुढे त्या ओळीत जे येईल, तो लेखकाचा खाजगी शेरा समजून लाटेक गाळते. चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची होती." म्हणजे कसूर सर्वस्वी माझी. कातिब असता तर तोंडातले पान सावरून त्याने 'हुजूर, इतने वड़े?' एवढे तरी विचारले असते. परंतु यंत्र हुकमाची तामिली करते, हुकूम देणाऱ्याच्या अकलेची चौकशी करीत नाही.

खजिनदारांनी माझ्याशी अबोला धरला आहे. मात्र वार्षिक सभेत, इतकी निर्दोष स्मरणिका मंडळाच्या इतिहासात निघाली नव्हती, असा ठराव मांडण्यात आला आणि पुढील वर्षाचे संपादनही माझ्याच गळ्यात बांधण्यात आले. सूचक, अनुमोदक आणि टाळ्या वाजवणारे मिळून ते बरोबर नऊजण होते.