दिवाणखान्यातले मत्स्यपितृत्व: होतकरूंसाठी नियम

खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे घरी पाळणारे पुष्कळ असतात. त्यांची पिल्ले घरी वाढवणारे थोडे. या थोड्यांत एक नमुना हमखास सापडतो. पन्नाशीला टेकलेला, दोन मुले वाढवून मोकळा झालेला गृहस्थ. म्हणजे ती वाढत असताना घरात अधूनमधून हजर असलेला. मुलांच्या लसींच्या तारखा त्याला कधी ठाऊक नव्हत्या, पण माशांच्या अंड्यांचा आज कितवा दिवस हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. त्याच्या पत्नीने वाचले तरी हरकत नाही. तिला यातले बरेचसे आधीच माहीत आहे.

नियम पहिला: सुरुवात क्लाउनफिशने करावी. 2003 साली ‘फाइंडिंग नीमो’ने घराघरात पोहोचवलेला हाच तो केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. फ्लोरिडात मार्टिन मो यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याची पैदास व्यापारी पातळीवर करून दाखवली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमला हे तंत्र बसवले, आणि आता ऐरोलीतही क्लाउनफिशची हॅचरी आहे. तेव्हा ‘अशक्य ते शक्य केले’ असा चेहरा करून सोसायटीत फिरू नये. मासे घेताना समुद्रातून पकडलेले टाळून टाकीत जन्मलेलेच मागावेत. ते काचेला, कोरड्या खाद्याला आणि माणसाच्या तोंडाला सरावलेले असतात.

समुद्रघोड्याचा विचार मनात आल्यास तो मनातच ठेवावा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो 2001 साली वाघाच्या पंगतीला जाऊन बसला. प्रवाळही त्याच पंगतीत. ‘दुकानदार देतो म्हणाला’ हा कोर्टात बचाव होत नाही.

नियम दुसरा: चौपाटीवरून कॅन भरून आणू नये. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी अळणी होते आणि उरलेल्या काळात त्यात काय काय असते ते इथे लिहिण्यासारखे नाही. आरओचे पाणी घ्यावे, त्यात मत्स्यालयासाठीचे मीठ विरघळवावे, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आणि तापमान 26-27 अंश ठेवावे. नवी टाकी चार ते सहा आठवडे नुसती चालू द्यावी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात स्थिरावतात. या काळात पाहुणे ‘मासे कुठे आहेत?’ असे विचारतात. त्यांना जिवाणू दाखवावेत.

टाकीतले पाणी उडाले की भर गोड्या पाण्याची घालायची, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते. हे शाळेत मिठागरांच्या धड्यात शिकवलेले असते, तरी खारे पाणी ओतत राहून टाकीचे लोणचे करणारे उच्चशिक्षित लोक आढळतात. आणखी एक. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे त्या खोलीत डासांचा फवारा मारू नये. डास चावले तर चावू द्यावेत. घरच्यांना हे पटवणे हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

नियम तिसरा: दुकानात ‘एक नर, एक मादी द्या’ असे म्हणू नये. दुकानदार देईलही. क्लाउनफिशची पिल्ले मादी म्हणून जन्मत नाहीतच. दोन लहान मासे आणावेत, एक थोडा मोठा. जो वरचढ ठरेल तो मादी होतो आणि दुसरा मुकाट्याने नर. मादी मेली तर नराची मादी होते आणि खालच्या फळीतला मासा नराच्या जागी बढती घेतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे नीमोची आई गेल्यावर त्याच्या बापाने आई व्हायला हवे होते; सिनेमावाल्यांनी ते टाळले. टाकीत मादी नराला दिवसातून अनेकदा हाकलते आणि नर तिच्यासमोर अंग थरथरवून शरणागती पत्करतो. हे पत्नीसोबत पाहत असल्यास गृहस्थाने विषय बदलावा.

जोडी जुळून अंडी पडायला काही महिने लागतात, कधी वर्ष उलटते. घाई करून उपयोग नाही.

नियम चौथा: समुद्रात क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतो तो अ‍ॅनिमोन नसला तरी चालतो, मातीची कुंडी आडवी ठेवावी. तिच्या पोटात मादी एक दिवस शेकडो केशरी अंडी चिकटवते. पहिल्या काही खेपा आईबापच खाऊन टाकतात. सुतक पाळू नये. नंतर मात्र नर कामाला लागतो. परांनी वारा घालतो, तोंडाने अंडी साफ करतो, बिघडलेली वेचून खातो. आठवड्याभरात अंड्यांत रुपेरी डोळे चमकू लागतात. हा आठवडा गृहस्थाने काचेला नाक लावून पाहावा. टिपणे काढावीत. बाप एवढे करू शकतो याची नोंद कुठेतरी राहायला हवी.

पिल्ले अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत फुटतात आणि काळोख पूर्ण लागतो. म्हणून त्या रात्री टीव्ही बंद, मालिका बंद, शेजाऱ्यांना मज्जाव. मग टॉर्चचा झोत एका कोपऱ्यात धरला की तीन-चार मिलिमीटरचे जीव उजेडाकडे गोळा होतात. त्यांना मगाने पाण्यासकट वेगळ्या टाकीत हलवावे. या टाकीच्या काचांना बाहेरून काळा कागद लावावा, नाहीतर पिल्ले काचेवरच्या उजेडाला धडका देत राहतात. हवेचे बुडबुडे मंद ठेवावेत.

नियम पाचवा, म्हणजे खरा अभ्यासक्रम. या पिल्लांना पूड चालत नाही. त्यांना जिवंत रोटिफर लागतात, म्हणजे मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशाएवढे सूक्ष्म जीव. रोटिफरना सूक्ष्म शैवालाचे हिरवे पाणी लागते. शैवालाला उजेड, खत आणि हवा. मासे वाढवायला निघालेला माणूस इथे येईपर्यंत हिरव्या पाण्याचा शेतकरी झालेला असतो. खिडकीत जिथे मुरांब्याची बरणी उन्हाला असे तिथे आता त्याच्या बाटल्या बुडबुडत असतात. रोटिफरची दोन भांडी दोन वेगळ्या खोल्यांत ठेवावीत, कारण एक भांडे कधीतरी रातोरात बसतेच, म्हणजे त्यातले सगळे रोटिफर मरतात. हे विज्ञान झाले. ते बरोबर पिल्ले फुटण्याच्या दिवशीच का बसते, याला विज्ञान नाही, नुसता मनस्ताप आहे.

आठवड्याभराने आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी. त्याची अंडी खाऱ्या पाण्यात हवेचा जोर लावून ठेवली की सुमारे 24 तासांत फुटतात. हवा बंद करून तळाशी उजेड धरावा. जिवंत आर्टेमिया खाली येतो, टरफले वर राहतात. टरफले पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नयेत. आर्टेमिया ताजाच घालावा, शिळ्यात सत्त्व उरत नाही. आठव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान पिल्लांवर पांढरे पट्टे उमटतात आणि ती तळाकडे राहू लागतात. इथे बरीच मरतात. मरतात म्हणजे मरतात. पाणी बदला आणि पुढे चला.

या दिवसांत एअर पंपाची घरघर थांबली की गृहस्थाला रात्री दोनलाही जाग येते. वीज गेलेली असते. तो बॅटरीवरचा पंप घेऊन अंधारात धडपडतो. अशा वेळी पलंगावरून ‘त्या दोघांच्या वेळी तुमची झोप फार गाढ होती’ असा आवाज आल्यास उत्तर देऊ नये.

ज्यांना रोटिफर झेपत नाहीत त्यांनी बंगाई कार्डिनलफिश पाळावा. इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांचा हा रहिवासी. यातला बाप अंडी आणि मग पिल्ले मिळून तीन-चार आठवडे तोंडात बाळगतो आणि त्या काळात काही खात नाही. पिल्ले बाहेर पडतात ती आईबापासारखीच दिसतात आणि थेट आर्टेमिया खातात. इतके आठवडे उपाशी आणि गप्प. गृहस्थ या माशाकडे फार वेळ पाहू शकत नाही.

शेवटी विक्री. पिल्ले दुकानात देण्याजोगी व्हायला काही महिने लागतात. तोवर जोडीने कुंडीत आणखी कितीदा तरी अंडी घातलेली असतात. दुकानदार पिल्लू जाळीत घेऊन म्हणतो, ‘साहेब, पट्टे अपुरे आहेत,’ आणि भाव पाडतो. तेच पिल्लू आठवड्याने ‘डिझायनर’ म्हणून दुप्पट किमतीला काचेत दिसते. पैसे रोख मिळत नाहीत, मिठाच्या बादल्यांत मिळतात. बादल्या ठेवायला जागा लागते, आणि मुलीची खोली ती बंगळुरूला गेल्यापासून रिकामीच आहे. व्हिडिओ कॉलवर ती आधी पिल्ले दाखवा म्हणते. गृहस्थ फोन काचेजवळ धरून कोणती कुठल्या खेपेची, कुणाला पट्टा कधी आला, सगळे सांगतो. ‘आणि बाबा, मी चालायला लागले तेव्हा किती महिन्यांची होते?’ असे तिने विचारले की तो फोन तिच्या आईकडे देतो आणि आर्टेमिया गाळायला जातो.