चाकांची मसलत

रक्ततपासणीच्या अहवालातून मधुमेहाच्या आगमनाचा खलिता हाती पडल्यावर ज्या उतावळेपणाने मी गोव्याच्या स्पर्धेत नाव दाखल केले, त्याच उतावळेपणाने सायकलीची चाकेही निवडली असती, तर माझे दोन महिने वाचले असते आणि निम्मे गंगाखेड एका मनोरंजनाला मुकले असते. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जी प्रथम भरली, त्या या स्पर्धेत १.९ किलोमीटर समुद्रात पोहून, ९० किलोमीटर सायकल हाकून, वर २१.१ किलोमीटर धावावयाचे असते. पैकी पोहणे गोदावरीने बालपणीच, पाठीला भोपळा बांधून, शिकविलेले, धावण्याचा विचार मी कटाक्षाने तहकूब ठेवला होता, उरले चाक.

शास्त्र असे, की वेग दुप्पट झाला म्हणजे वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून शर्यतीच्या चाकांची कार्बनची रिंग पन्नास-ऐंशी मिलिमीटर खोल असते, आणि मागे तर आरेच नसलेली सपाट तबकडी बसवितात. अशाच तबकड्यांवर फ्रान्सेस्को मोझरने १९८४ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले. पुढचे चाक मात्र कमी खोल बरे. नाहीतर बाजूचा वारा ते शिडासारखे धरतो आणि सायकल कोठे न्यायची याचा निर्णय परस्पर घेतो.

तबकडीचे चित्र आईने चष्मा लावून न्याहाळले. "हे तर जातं," ती म्हणाली, "पण खुंटा कुठाय?" जनाबाईंच्या गावात जन्मल्यामुळे पुढचा प्रश्नही तिला सहज सुचला : "आणि ओढायला विठोबा येणार आहे का?"

ज्यांनी माझ्या तीन सायकलींचे आऊट काढले, ते दुकानदार मामा अधिक व्यवहारी. "सर, चाक झकास हाय," ते म्हणाले, "पण बाभळीच्या काट्याला त्याची किंमत कळत न्हाई."

अखेर मी खर्चाच्या मंजुरीसाठी कुटुंबाकडे रीतसर अर्ज गुदरला. चाकाने वारा कसा कापला जातो, हे मी सोदाहरण विशद केले. तिने शांतपणे ऐकून, वाऱ्याला अधिक कोण अडवते, चाक की स्वार, एवढेच विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या पोटाकडे बोट दाखवून अर्ज निकाली काढला. विरोधाचा सिंहाचा वाटा स्वाराच्या देहाचाच असतो, हे मी वाचले होते. अर्जात तेवढे नमूद करावयाचे राहून गेले होते.

तेव्हा जुन्याच चाकांवर, परळीच्या रस्त्याने, समोरच्या वाऱ्याशी हुज्जत घालीत निघालो असता उसाने लादलेली एक ट्रॉली पुढे गेली, आणि तिच्या आडोशाला शिरताच, लाखभर रुपयांच्या चाकांनीही जो दिला नसता असा वेग मला फुकट प्राप्त झाला. स्पर्धेत दुसऱ्याच्या आडोशाने जाण्यास सक्त मनाई आहे, हे ठाऊक असूनही मी दोन किलोमीटर त्या सुखात घालविले. शेवटी ट्रॅक्टरचा वेग मंदावला आणि चालकाने मागे वळून आवाज दिला :

"ओ सर, किती येळ मागं लागताय? एक टिपरू ओढा अन् मोकळं व्हा!"

मी एक ओढले.