टॉरिड म्हणजे तहान

उष्ण प्रदेशासाठी इंग्रजीत एक विशेषण आहे, टॉरिड. शाळेच्या भूगोलात ‘टॉरिड झोन’चा ‘उष्ण कटिबंध’ झाला. कटिबंधाला नाव ठेवायला जागा नाही. ग्रीकमध्ये झोन म्हणजे कमरपट्टाच. चुकलं ते ‘उष्ण’पाशी. टॉरिड आला लॅटिन ‘टोरेरे’वरून, अर्थ सुकवणं, होरपळून कोरडं करणं. त्याच मुळातून संस्कृतात तृष्णा आली आणि तृष्णेची मराठीत तहान झाली. टॉरिड आणि तहान एकाच घरचे. भाषांतर करताना आपण ऊन ठेवलं, पाणी विसरलो.

इंग्रजीत हल्ली हा शब्द भलतीकडेच फिरतो. उसळत्या चेंडूंनी फलंदाज हैराण झाला की त्याचा ‘टॉरिड टाइम’. उत्कट प्रेमप्रकरणही टॉरिड.

खरा अर्थ पाहायचा तर विदर्भातल्या भिवापूरला यावं. गाव 21 अक्षांशाच्या किंचित खाली, कर्कवृत्ताच्या आत. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो त्याच सुमारास, सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. ‘ऊन लय तपून राह्यलं,’ लोक म्हणतात. कोकणात घाम अंगाला चिकटतो. इथे तो दिसायच्या आत उडतो. अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही; कळतं ते ऊन लागल्यावर.

मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या-निवडायच्या जागी बघा. भौगोलिक मानांकन मिळवलेली भिवापुरी मिरची जमिनीवर लालभडक पसरलेली. बाया नाकातोंडावर पदर बांधून ओळीने देठ खुडतात. ठसक्याने घसा आधीच कोरडा, बोटं जळजळताहेत, आणि पाणी प्यायचं ते त्याच हातांनी. ओठाला हात लागला की आग. म्हणून तहान पुढे ढकलली जाते. मिरचीला लागू होणारं ते लॅटिन क्रियापद बाईलाही लागू होतं.

उष्णतेमुळे या टॉरिड पट्ट्यात माणूस राहूच शकत नाही, असं ॲरिस्टॉटलने मांडलं होतं. माणूस राहतो, राबतोही. पण त्याच्या उन्हाचा हिशेब आपण अजून सावलीत बसून करतो. हे अक्षरशः खरं आहे: वेधशाळेचा पारा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. आपण 45 अंश ऐकतो आणि कूलर लावतो. बाई असते पेटीच्या बाहेर.

तिला ‘उष्णतेची लाट’ कळवून भागत नाही. सातऱ्यावर सावलीत रांजण हवा, सकाळीच भरलेला. त्यात लांब दांडीचं ओगराळं, म्हणजे मिरचीचा हात पाण्यात जाणार नाही. शेजारी हात धुवायला वेगळी बादली आणि साबण. आणि पाणी प्यायला उठलेल्या बाईकडे मालकाने घड्याळ बघू नये.